पोर्तुगीज पासपोर्टवर जर्मनीत: स्वतःची नोंदणी आणि भारतीय जोडीदाराचं कार्ड

पोर्तुगीज राजवटीत गोवा, दमण, दीवमध्ये जन्मलेल्यांच्या मुलानातवंडांपैकी अनेकांकडे आज पोर्तुगीज पासपोर्ट आहे. 2020 च्या अखेरीस ब्रिटनमधला मुक्त संचार (युरोपीय संघाच्या नागरिकांचा परवान्याशिवाय राहण्याचा-काम करण्याचा हक्क) संपला, त्यामुळे आता जर्मनीची चौकशी जास्त होते. तिथे गोंधळ होतो तो एकाच मुद्द्यावर: पासपोर्टधारकाला वेगळा निवास परवाना लागत नाही, पण त्याच्या भारतीय नवऱ्याला किंवा बायकोला निवास कार्ड काढावंच लागतं. दोघांची कार्यालयंही वेगळी.

पत्त्याची नोंदणी, म्हणजे ‘आनमेल्डुंग’, मात्र सगळ्यांनाच करावी लागते, अगदी जर्मन नागरिकालाही. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ती स्थानिक नागरिक कार्यालयात (ब्युर्गरआम्ट) करायची. मोठ्या शहरांत इतक्या लवकर अपॉइंटमेंट मिळत नाही. अशा वेळी मुदतीत बुकिंग करून त्याचा ईमेल जपून ठेवा. पासपोर्ट, भरलेला फॉर्म आणि घरमालकाच्या सहीचा दाखला एवढं पुरतं. या दाखल्याला ‘वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग’ म्हणतात. त्यात मालकाचं नाव-पत्ता, घराचा पत्ता, राहायला आल्याची तारीख आणि राहणाऱ्या सगळ्यांची नावं हवीत. त्याऐवजी भाडेकरार चालत नाही, आणि बहुतेकांची पहिली फेरी इथेच वाया जाते. ओळखीच्याचा नुसता ‘पत्ता वापरणं’ हा दंडनीय प्रकार आहे, आणि पत्ता देणाऱ्याला तो जास्त महाग पडतो.

फॉर्ममध्ये धर्माचा रकाना असतो. तिथे रोमन कॅथलिक लिहिलं की पगारातून चर्च कर कापला जातो: बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये आयकराच्या 8 टक्के, बाकी राज्यांत 9 टक्के. लिहिण्याआधी हे ठाऊक असलेलं बरं, पहिली पगारस्लिप बघून विचारण्यात अर्थ नाही.

नोंदणीनंतर कर क्रमांक पोस्टाने येतो. पत्रपेटीवर तुमचं आडनाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो. म्हणून भाड्याच्या खोलीत गेल्या गेल्या पेटीवर नावाची चिठ्ठी लावा.

पोर्तुगीज नागरिकाला पहिले तीन महिने वैध पासपोर्ट किंवा ओळखपत्र एवढंच पुरतं. त्यानंतर राहण्याचा हक्क टिकवायला काहीतरी आधार हवा: नोकरी, स्वतःचा व्यवसाय किंवा नोकरीचा शोध (साधारण सहा महिने, खरी आशा असेल तर पुढेही). काहीच करत नसाल तर पुरेसा पैसा आणि पूर्ण आरोग्यविमा दाखवावा लागतो. प्रवासी विमा त्यासाठी ग्राह्य धरत नाहीत. ‘मिनीजॉब’ (ठरावीक मर्यादेपर्यंतच्या कमी पगाराची नोकरी) घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की त्या नोकरीतून स्वतःचा आरोग्यविमा मिळत नाही. युरोपीय नागरिकांना पूर्वी मिळणारा मुक्त संचाराचा दाखला 2013 मध्ये रद्द झाला, त्यामुळे तो मागणाऱ्याला तसं स्पष्ट सांगायला हरकत नाही.

आता जोडीदार. त्याने परदेशी नागरिक कार्यालयात (आउसलेंडरबेहोर्डे) ‘आउफेन्टहाल्ट्सकार्टे’साठी, म्हणजे निवास कार्डासाठी, अर्ज करायचा. पण सुरुवात भारतातूनच चुकते. जर्मन नियमांखालचा ‘फॅमिली रियुनियन’ व्हिसा मागितला की जर्मन भाषेचं ए1 (सगळ्यात प्राथमिक पातळीचं) प्रमाणपत्र आणि व्हिसा शुल्क मागे लागतं. मुक्त संचाराच्या नियमांखालचा प्रवेश व्हिसा मागितला तर शुल्क नाही, भाषेची अट नाही आणि निकाल लवकर द्यावा लागतो. म्हणून अर्जासोबतच्या पत्रात ‘युरोपीय नागरिकाचा कुटुंबीय, निर्देश 2004/38’ असं ठळक लिहा. अट एकच: पोर्तुगीज जोडीदार जर्मनीत राहत असावा किंवा दोघं सोबत जात असावेत. पोर्तुगीज जोडीदार गोव्यात आणि भारतीय जोडीदार एकटाच जर्मनीत, हे चालत नाही.

सगळ्यात जास्त अडतं ते लग्नाच्या दाखल्यावर. गोव्यातल्या सिव्हिल रजिस्ट्रारच्या दाखल्यावर अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचा सरकारी शिक्का) मारलं की जर्मनीत काम होईल असं धरून चालू नका. त्यापेक्षा लग्नाची नोंद आधी पोर्तुगालच्या नागरी नोंदणीत करून घ्या. नागरिकाने ती करणं अपेक्षितच असतं. युरोपीय संघाच्या नियमानुसार 16 फेब्रुवारी 2019 पासून पोर्तुगालचा जन्म किंवा लग्नाचा दाखला जर्मनीत अपोस्टिलशिवाय स्वीकारावा लागतो. दाखला घेताना सोबत बहुभाषिक फॉर्म मागा, भाषांतराचा खर्चही बहुधा वाचतो. नावांची स्पेलिंगं मात्र त्याआधीच जुळवा. पोर्तुगीज जन्मनोंदीत वडिलांचं आडनाव एक आणि भारतीय पासपोर्टमध्ये दुसरं, ही गोव्याच्या कागदपत्रांतली नेहमीची भानगड.

कार्डाच्या अर्जाला दोघांचे पासपोर्ट, दोघांच्या पत्त्याची नोंदणी, लग्नाचा दाखला, पोर्तुगीज जोडीदाराचा नोकरीचा करार आणि अलीकडच्या पगारस्लिपा, आणि बायोमेट्रिक फोटो लागतो. बोटांचे ठसे तिथेच घेतात. 21 वर्षांखालील मुलांनाही हाच मार्ग. आईवडिलांसाठी मात्र ते तुमच्यावर अवलंबून आहेत हे सिद्ध करावं लागतं, आणि त्यासाठी नियमित पैसे पाठवल्याच्या बँक नोंदी उपयोगी पडतात.

आवश्यक माहिती दिल्याची पावती लगेच मिळायला हवी, कार्ड सहा महिन्यांत. जोडीदाराला नोकरी करायला कार्ड हातात येईपर्यंत थांबावं लागत नाही, कारण हक्क नात्यातून येतो आणि कार्ड फक्त त्याचा पुरावा असतं. नोकरी देणारा ‘परमिट दाखवा’ म्हणून अडून बसला तर ही पावती पुढे करा. कार्ड साधारण पाच वर्षांचं असतं.

पाच वर्षांच्या सलग, कायदेशीर वास्तव्यानंतर दोघांनाही कायम निवासाचा हक्क मिळतो. दरम्यान वर्षाला एकूण सहा महिन्यांपर्यंत बाहेर राहिलं तर हरकत नाही. बाळंतपण, गंभीर आजार अशा महत्त्वाच्या कारणासाठी एकदा सलग बारा महिन्यांपर्यंत सूट आहे, पण त्याचे कागद ठेवा.