अफूच्या बोंडाचं पाणी पाजून बाळाला लागते ती झोप नव्हे

‘बाळ रडतंय? अफूची बोंडं उकळून चमचाभर पाणी पाज. झाडपाल्याचं औषध, त्यानं काय होतंय!’ हा सल्ला पिढ्यानुपिढ्या चालत आलाय. मुंबईत गिरणीवर जाणाऱ्या आया तान्ह्यांना अफूची बाळगोळी देत. खाडा केला तर मजुरी बुडायची. त्यांना दोष देववत नाही. पण सल्ला घातकच आहे.

बोंडात मॉर्फीन आणि कोडीन असतं. मेंदूतलं श्वास चालवणारं केंद्रच त्यानं मंदावतं. बाळ गाढ झोपल्यासारखं दिसतं, पण श्वास उथळ होत जातो, ओठ निळसर पडतात, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, हलवलं तरी जाग येत नाही. उकळल्यानं विष मरत नाही, पाण्यात उतरतं. किती उतरलं ते कुणालाच सांगता येत नाही, कारण प्रत्येक बोंडात प्रमाण वेगळं. काल चमचा पचला म्हणून आज पचेलच असं नाही.

अनरशावरच्या खसखशीला मात्र घाबरू नका. खसखस म्हणजे याच बोंडातल्या बिया, पण स्वयंपाकापुरत्या त्या चालतात.

पाणी पाजलं गेलंच असेल तर लपवू नका. तडक दवाखान्यात न्या, डॉक्टरांना स्पष्ट सांगा. नॅलोक्झोन हे उताऱ्याचं औषध आहे, ते वेळेत मिळायला हवं.