‘ट्रीकल’: सापाच्या उताऱ्यापासून काकवीपर्यंत

इंग्रजी शब्दकोशात ‘ट्रीकल’चा अर्थ साखर कारखान्यात स्फटिक काढून घेतल्यावर उरणारा, काकवीसारखा काळपट पाक, असा दिला आहे. शब्दाचं मूळ मात्र स्वयंपाकघरात नाही, औषधाच्या बरणीत आहे.

ग्रीक भाषेत ‘थेरिऑन’ म्हणजे रानटी जनावर. त्याच्या दंशावरचं औषध ते ‘थेरिआकी’. लॅटिनमध्ये ‘थेरिआका’, जुन्या फ्रेंचमध्ये ‘ट्रिआकल’ (शेवटचा ‘ल’ इथे चिकटला) आणि तिथून इंग्रजीत.

काळ्या समुद्राकाठच्या पॉन्टस राज्याचा राजा मिथ्रिडेटीस (मृत्यू इ.स.पू. ६३) याच्या नावावर विषाचा एक उतारा होता. रोमन सम्राट नीरोचा वैद्य अँड्रोमाकस याने त्यात भर घालून ६४ घटकांची कृती तयार केली; हीच ‘थेरिआका’. त्यातली खरी भर म्हणजे घोणसासारख्या विषारी सापाचं मांस. डोकं-शेपूट छाटायचं, मांस मीठ आणि शेपू घालून उकळायचं, वाळक्या पावाच्या चुऱ्यात मळून वड्या करायच्या. मग अफू, दालचिनी, केशर वगैरेंची पूड आणि तिच्या सुमारे तिप्पट मध. थोडक्यात, आपल्याकडच्या अवलेहासारखाच (चाटून घ्यायचं दाट औषध) प्रकार. तो काही वर्षं मुरू द्यायचे, कारण ताज्यात अफूचा जोर जास्त असतो असा समज होता.

विषावर त्याचा उपयोग शून्य. तरी गुण यायचा, कारण अफूने वेदना, खोकला आणि जुलाब थांबतात. भेसळही भरपूर व्हायची, म्हणून व्हेनिसमध्ये औषधविक्रेते सगळे घटक लोकांसमोर मांडून उघड्यावर हे औषध बनवत. विल्यम हेबर्डन या इंग्रज वैद्याने १७४५ साली त्यावर कडक टीका केली.

तोवर शब्दाची वाट वळली होती. गोड, घट्ट औषधी पाकाला ‘ट्रीकल’ म्हणायची सवय होतीच; सतराव्या शतकाच्या अखेरीस साखरेचा उरलेला पाकही त्याच नावाने विकला जाऊ लागला. साप, अफू, केशर गेलं; राहिला तो फक्त चिकट गोडवा.

जुनं इंग्रजी वाचताना इथेच फसगत होते. १५६८ च्या ‘बिशप्स बायबल’मध्ये यिर्मया या संदेष्ट्याचा प्रश्न आहे: गिलाद प्रदेशात ‘ट्रायकल’ नाही काय? १६११ च्या भाषांतरात तिथे मलमाचा शब्द आला. पण आजचा कोश उघडून भाषांतर करणारा संदेष्ट्याच्या तोंडी काकवी घालून मोकळा होईल.