शुश्रूषा करणाऱ्या जोडीदाराचे आरोग्य

दीर्घ आजारी नवऱ्याची किंवा बायकोची घरी सेवा करणाऱ्या जोडीदाराने स्वतःची तब्येत कशी राखावी, हा या नोंदीचा विषय. मराठीत मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि त्याला सांभाळणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणतात. हे शब्द पक्षाघात, कर्करोग, मूत्रपिंडविकार अशा आजारांतही रुळायला हवेत. भेटायला येणारे पेशंटची चौकशी करतात. उशाशी बसलेल्याला कोणी विचारत नाही.

शुभंकरावरचा ताण मोजण्यासाठी स्टीव्हन झारिट आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये प्रश्नावली तयार केली. तिची २२ प्रश्नांची आवृत्ती आज सर्वाधिक वापरली जाते. अमेरिकेत ६६ ते ९६ वर्षे वयाच्या जोडीदारांवर झालेल्या आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सेवेचा ताण जाणवणाऱ्यांत चार वर्षांतील मृत्यूचा धोका अशी जबाबदारी नसलेल्यांपेक्षा ६३ टक्के जास्त आढळला. सेवा करूनही ताण न जाणवणाऱ्यांत मात्र तो तसा वाढलेला दिसला नाही. म्हणून सेवा सोडायची नसते, तिचा भार वाटून घ्यायचा असतो.

नाशिकमध्ये हा भार अनेक रूपांत दिसतो. शालिमारजवळच्या विभागीय संदर्भ सेवा रुग्णालयात उत्तर महाराष्ट्रातून रुग्ण येतात आणि सोबतचा माणूस बाकावर दिवस काढतो. डायलिसिस एका वेळी साधारण चार तास चालते, बहुतेकांना आठवड्यातून दोन-तीनदा. सातपूर-अंबडचा कामगार रात्रपाळी उरकून थेट रुग्णालय गाठतो. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागेची ऑक्टोबर छाटणी आणि घरातले आजारपण एकदमच अंगावर येते. मुले पुण्या-मुंबईला असली की सिडकोतल्या घरात सत्तरीची बाई पंच्याहत्तरीच्या नवऱ्याला एकटीने उठवते.

सर्वांत आधी कंबर जाते. रुग्णाला काखेत हात घालून ओढू नये. त्याने रुग्णाचा खांदाही दुखावतो. त्याला आधी कुशीवर वळवावे, पाय पलंगाच्या कडेवरून खाली सोडावेत, आपले गुडघे वाकवून त्याच्या अगदी जवळ उभे राहावे आणि कमरेत पीळ न देता उठवावे. वर सरकवायला खाली दुमडलेली चादर घालून दोघांनी दोन्ही बाजूंनी धरावी. ही रीत फिजिओथेरपिस्टकडून एकदा हाताने करून शिकावी, नुसती ऐकून जमत नाही.

मग झोप. अंथरुणाला खिळलेल्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायला सांगतात, म्हणजे शुभंकराची रात्र तुकड्यातुकड्यांची होते. एअर बेडने पडून-पडून होणाऱ्या जखमांचा (बेडसोअर) धोका कमी होतो, कूस बदलणे टळत नाही. घरात दुसरे माणूस असेल तर रात्र दोघांत वाटावी, म्हणजे प्रत्येकाला निदान चार-पाच तास सलग मिळतात. स्वतःच्या बीपी-शुगरच्या गोळ्या रुग्णाच्या डब्याशेजारीच ठेवाव्यात, आणि रुग्णाला ओपीडीत नेले की त्याच खेपेत आपलेही बीपी मोजून घ्यावे.

चिडचिड, रडू, ‘सुटलो तर बरं’ असे विचार मनात येणे हे प्रेम आटल्याचे लक्षण नाही. उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली तर डॉक्टरांना दाखवावे. जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार आला तर तेवढेही थांबू नये. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून विनामूल्य बोलता येते. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे.

मदत मागताना नेमके काम आणि नेमकी वेळ सांगावी. ‘कधी गरज लागली तर सांगा’ म्हणणाऱ्या दिराला ‘शनिवारी चार ते सहा यांच्याजवळ बसाल का?’ असे विचारले की तो येतो. नर्सिंग ब्युरोकडून घरी सेवेला येणारी मावशी बारा तासांच्या ड्यूटीवर मिळते, पण खर्च सगळ्यांना झेपत नाही. शिवाय ‘यांना माझ्याच हातचं लागतं’ ही अडचण खरी असते. तिथे घाई करू नये. पहिले काही दिवस मावशी आणि पत्नी दोघी मिळून अंग पुसतात. पुढे पत्नी हाकेच्या अंतरावर, शेजारच्या खोलीत थांबते. आठवड्याभराने ती गोल्फ क्लब मैदानावर दोन फेऱ्या मारून येते.