बंदी नारळी पौर्णिमेला उठत नाही

‘नारळी पौर्णिमेला पावसाळी मासेमारीबंदी उठते, मगच खोल समुद्रातल्या मासेमारीच्या सफरीचं ठरवू,’ असं गोव्यात दरवर्षी ऐकू येतं. ते खरं नाही. पश्चिम किनाऱ्यावरची बंदी 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवसांची असते. तारखा सरकारी अधिसूचनेने ठरतात, तिथीने नव्हे. नारळी पौर्णिमा 2023 मध्ये 30 ऑगस्टला आली, 2024 मध्ये 19 ऑगस्टला. बंदी दोन्ही वर्षी 31 जुलैलाच संपली.

समज टिकला, कारण प्रत्यक्षात बरेच ट्रॉलर 1 ऑगस्टला जेटी सोडतच नाहीत. दर्या खवळलेला असतो आणि गावी गेलेले ओडिशा-झारखंडचे खलाशी परतायचे असतात. शिवाय नारळ अर्पण केल्याविना जाळं न टाकणारे आहेतच. ती श्रद्धा, कायदा नव्हे.

‘बारा सागरी मैलांपलीकडे बंदी नाही’ हेही चूक. तिथे राज्याची हद्द संपते, पण पुढच्या पाण्यात केंद्राची बंदी त्याच तारखांना असते. बिगरयांत्रिक पारंपरिक होड्यांना सूट आहे, पण खोल पाण्याच्या सफरीला त्यांचा काय उपयोग? ऑगस्टचं बुकिंग करताना पंचांगापेक्षा हवामान खात्याचा इशारा पाहा.