पार्श्वभूमी : तांब्याची बैठक आणि दोन तारखांचा घोळ

कोल्हापुरात पेठेतल्या पोराला तालीम असते. वस्तीवरच्या पोराला ती नसते. पारधी, कंजारभाट, वडार घरांतली पोरंपोरी महिन्यातून एकदा गोल करून बसतात, घरात ऐकलेलं आणि अंगावरून गेलेलं सांगतात, त्या ‘तांब्याच्या बैठकी’चं मूळ निम्मं इथंच आहे. उरलेलं निम्मं बरंच लांबचं.

गोल बसायचं आणि हातात वस्तू असेल त्यानंच बोलायचं, ही रीत उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची. तिथं हातात पीस किंवा काठी असते. कॅनडात या लोकांची मुलं घरातून उचलून निवासी शाळांत कोंडली, मातृभाषा बोलली म्हणून मारली. 2008 मध्ये तिथल्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली, 2015 मध्ये या शाळांची चौकशी करणाऱ्या आयोगानं 94 शिफारशी केल्या. त्याआधी कितीतरी वर्षं माणसं एकमेकांना सांगत बसली होती.

इकडं तसं काही नव्हतं, असं कुणी म्हणू नये. इंग्रजांनी 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं जमातीच्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या; त्यात 1897 साली दुरुस्ती झाली आणि 4 ते 18 वयाची मुलं आईबापांपासून तोडून सुधारगृहात ठेवायची सोय सरकारनं करून घेतली. फरक एवढाच की इथं माफी कुणी मागितलेली नाही.

करवीर म्हणजे कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी 1918 मध्ये महार, मांग, रामोशी, बेरडांची सरकारी हजेरी बंद केली, फासेपारध्यांना संस्थानात कामावर घेतलं. हे इथं शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. संस्थानाबाहेर मात्र हजेरी सुरूच राहिली. मुंबई प्रांतात कायदा 1949 ला गेला, देशभर 31 ऑगस्ट 1952 ला. 1959 मध्ये सराईत गुन्हेगारांचा कायदा आला आणि पोलिसांना जुनीच वहीच्या वही नव्या कव्हरात मिळाली.

खरा घोळ शब्दाचा आहे, आणि बैठक दोनदा मोडता मोडता राहिली ती त्यापायीच. फासेपारधी अनुसूचित जमातीत, म्हणजे कागदावर आदिवासी. पालपारधी आणि राजपारधी विमुक्त जातींच्या, म्हणजे त्या जुन्या कायद्यातून सुटलेल्यांच्या यादीत. कंजारभाट, वडारही विमुक्तच. कैकाडी विदर्भातल्या बहुतेक जिल्ह्यांत अनुसूचित जाती, आपल्याकडं विमुक्त. एका चटईवर बसलेल्या चौघांचे जातीचे दाखले दोन तऱ्हेचे. शिवाय विमुक्ताला 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा महाराष्ट्रातला रहिवास दाखवावा लागतो, जमातवाल्याला 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचा. ज्याचा आजा पालात राहून गावोगाव फिरला, त्यानं घरफाळ्याची पावती आणायची कुठनं? जात पडताळणीच्या खिडकीवर एका मुलीला सांगितलं होतं, आजोबांचं नाव पोलिसांच्या जुन्या नोंदीत असेल तर तेवढं आणा. ही गोष्ट तिनं बैठकीत हसत सांगितली. बाकी कुणी हसलं नाही.

तर नाव काय द्यायचं? ‘आदिवासी युवा’ म्हटलं तर निम्मी पोरं बाहेर. ‘मूळनिवासी’ म्हटलं तर तो शब्द इथं वेगळ्या राजकारणाचा. संयुक्त राष्ट्रांचा मूळ रहिवाशांच्या हक्कांचा 2007 चा जाहीरनामा भारतानं मत देऊन मान्य केला, पण आपल्याकडं सगळेच मूळचे, अशी सरकारची भूमिका. म्हणजे शब्द सगळ्यांचा, पदरात कुणाच्याच काही नाही. ‘विमुक्त’वर फासेपारधी घरांची हरकत: मुक्त कोण, आणि कधी झालं? मला विचाराल तर ही हरकत सगळ्यांत वजनाची होती. कोणीतरी ‘पंचायत’ सुचवलं, त्यावर मुलीच उठून गेल्या. जातपंचायतीच्या दंडाला 2016 च्या बहिष्कारविरोधी कायद्यानं आळा घातला, धाक गेला असं नाही.

शेवटी नाव राहूनच गेलं. लोक ‘तांब्याची बैठक’ म्हणतात. पिसाच्या जागी काय ठेवायचं यावर आधी तितर धरायची फासकी आणली होती. एका म्हातारीनं ती उचलून पदराखाली घेतली. “ही बघून तर धरून न्यायचे बाबा,” म्हणाली. मग घरातला पितळी तांब्या मध्ये आला. हातात तांब्या, त्यानं बोलायचं. बोलायचं नसेल तर घोटभर पाणी प्यायचं आणि पुढं द्यायचा. पहिल्या दोन-तीन बैठकांत पाणीच फार संपलं. पुढं वर्गात लपवलेली पारधी भाषा तिथं निघायला लागली. ‘हीलिंग’ हा शब्द बाहेरून आलेल्यांचा. वस्तीवर एवढंच म्हणतात, जीव हलका होतो.

तारखेचा वाद अजून आहे. 9 ऑगस्ट जागतिक आदिवासी दिन, 31 ऑगस्ट विमुक्त दिन. सध्या वर्षाची मोठी बैठक 31 ला धरतात. 9 ला ज्यांना मिरवणुकीला जायचं ते जातात, आणि रात्री भंडाऱ्यानं माखलेल्या कपड्यांनीच तांब्यापाशी येऊन बसतात.