शत्रूवर प्रीती करणे आणि अन्याय निमूट सोसणे

बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात येशू ख्रिस्त आपल्या श्रोत्यांना वैऱ्यांवर प्रीती करायला आणि छळ करणाऱ्यांसाठी प्रार्थना करायला सांगतो. ही आज्ञा ऐकताना पुष्कळांना तिच्यात आणखीही काही ऐकू येते: अन्याय झाला तरी बोलू नये, तक्रार करू नये, गुन्हेगाराला शिक्षा व्हावी अशी इच्छाही धरू नये. दोन्हीकडे माणूस सूड घेत नाही, म्हणून या गोष्टी एकच वाटतात. पण त्यांतला फरक पुसला गेला, की त्याची झळ दुबळ्यालाच बसते. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला ‘क्षमा कर आणि घरी जा’ असे सांगून परत पाठवले जाते, तेव्हा आधार याच आज्ञेचा घेतला जातो, आणि या शिकवणीचा याहून वाईट गैरवापर मला माहीत नाही.

या आज्ञेतली प्रीती म्हणजे मनात आपोआप दाटून येणारा जिव्हाळा नाही, कारण तसा जिव्हाळा हुकमाने आणता येत नाही. लूकच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात ती कृतीतच सांगितली आहे: द्वेष करणाऱ्यांचे बरे करा, शाप देणाऱ्यांना आशीर्वाद द्या. त्याच्याही कितीतरी आधी बायबलच्या जुन्या करारातील निर्गम या पुस्तकाच्या २३व्या अध्यायात वैऱ्याचे गाढव ओझ्याखाली पडलेले दिसले तर त्याला हात द्यायला सांगितले आहे. गाढवाला उठवताना त्याच्या मालकाशी चाललेला वाद मिटला, असे मात्र तिथे कुठेही म्हटलेले नाही.

निमूट सोसणे ही वेगळी गोष्ट आहे, हे खुद्द येशूच्या वागण्यातून दिसते. दुसरा गाल पुढे करायला सांगणाऱ्या येशूला अटकेनंतर महायाजकाच्या, म्हणजे यहुद्यांच्या मुख्य पुरोहिताच्या, चौकशीत एक शिपाई चपराक मारतो. येशू उलट हात उगारत नाही, पण गप्पही बसत नाही: मी वाईट बोललो असेन तर तसे सिद्ध कर, योग्य बोललो असेन तर मला का मारतोस, असे तो त्याला विचारतो.

येशूचा प्रेषित पौल याचा फिलिप्पै या रोमी अंमलाखालच्या नगरातील प्रसंग मला याहूनही बोलका वाटतो. बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या १६व्या अध्यायात पौल आणि त्याचा सोबती सीला यांना चौकशीशिवाय भर चौकात छड्यांनी मारून, पाय खोड्यात अडकवून आतल्या कोठडीत टाकले जाते. मध्यरात्री भूकंपाने दारे उघडतात आणि कैदी पळाले असे समजून तुरुंगाचा अधिकारी स्वतःवर तलवार उपसतो, तेव्हा पौल मोठ्याने ओरडून त्याला थांबवतो. ज्याने आपल्याला खोड्यात घातले त्याचाच जीव तो वाचवतो. सकाळी नगराचे अधिकारी त्यांना गुपचूप सोडून द्यायचा निरोप धाडतात, पण पौल जायला नकार देतो: आम्ही रोमी नागरिक असून आम्हाला चौकशीशिवाय उघड मारले (रोमी नागरिकाला असे मारणे कायद्याविरुद्ध होते), आता त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावे. रात्री वैऱ्याचा प्राण वाचवणारा आणि सकाळी अधिकाऱ्यांना त्यांची चूक पदरात घ्यायला लावणारा पौल एकच आहे, आणि या दोन वागण्यांत त्याला कसलीच विसंगती वाटत नाही.

हाच पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या १२व्या अध्यायात सूड देवावर सोपवून भुकेल्या वैऱ्याला जेवू घालायला सांगतो, आणि लगेच पुढच्या अध्यायात वाईट करणाऱ्याला शासन करणे हे राज्यकर्त्याचे काम आहे, असेही म्हणतो. व्यक्तीने सूड सोडल्यामुळे न्यायालयाचे दार बंद होत नाही.

आपल्या देशात हा फरक ग्लॅडिस स्टेन्स यांनी जगून दाखवला. ओडिशातील मनोहरपूर गावी जानेवारी १९९९ मध्ये त्यांचे पती, ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स यांना, फिलिप आणि टिमोथी या दोन लहान मुलांसह, गाडीत झोपलेले असताना जिवंत जाळण्यात आले. ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीर केले आणि बारीपदा येथील कुष्ठरोग्यांची सेवा चालू ठेवली. खटलाही आपल्या वाटेने चालला. मुख्य आरोपी दारासिंग याची फाशी उच्च न्यायालयाने २००५ मध्ये जन्मठेपेवर आणली आणि ती जन्मठेप सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये कायम केली. त्या क्षमेने त्या बाईंचे मन द्वेषापासून मोकळे ठेवले, पण गुन्ह्याचे गांभीर्य तसूभरही कमी केले नाही.

प्रीती कधी याच्याही पुढे, समेटापर्यंत जाते. इंदूरजवळ १९९५ मध्ये कॅथलिक जोगीण सिस्टर राणी मारिया यांची बसमध्ये भोसकून हत्या करणाऱ्या समंदरसिंग याला तुरुंगात पश्चात्ताप झाला. सिस्टर राणी मारिया यांच्या धाकट्या बहिणीने, सिस्टर सेल्मी पॉल यांनी, २००२ मध्ये तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधली, आणि पुढे त्याच्या सुटकेसाठी त्यांच्या कुटुंबानेही साथ दिली. पण ही साथ त्या कुटुंबाने स्वेच्छेने दिली होती आणि तोवर तो माणूस कित्येक वर्षे शिक्षा भोगत होता. कुणा धर्मगुरूने पहिल्याच दिवशी त्या घरी जाऊन तक्रार मागे घ्या असे सांगितले असते, तर ती शत्रूवरची प्रीती ठरली नसती.