लहान मुलांच्या हृदयाच्या ब्लड टेस्ट: 'नॉर्मल' किती हे ठरलं कसं

नुकत्याच जन्मलेल्या बाळाचं एनटी-प्रोबीएनपी (हृदयावर ताण आला की रक्तात वाढणारा पदार्थ) ३००० आलं आणि शेजारी छापलेली लिमिट १२५ असेल तर आईबाबांच्या पोटात गोळा येणारच. पण १२५ हा आकडा मोठ्यांचा आहे, पहिल्या दोन दिवसांत ३००० च्या आसपास तर धडधाकट बाळांचंही येतं. आज हे ठामपणे सांगता येतं, पण तिथवर यायला बरीच वर्षं गेली.

या टेस्ट मुळात मोठ्यांच्या हार्ट अटॅक आणि हार्ट फेल्युअरसाठी आल्या. १९५४ मध्ये हार्ट अटॅकनंतर रक्तात एसजीओटी हे एन्झाइम वाढतं हे दिसलं, मग सीपीके-एमबी हे दुसरं एन्झाइम, १९८० च्या दशकाच्या शेवटी ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतलं प्रोटीन, आणि १९८८ ला जपानी संशोधकांना डुकराच्या मेंदूत बीएनपी सापडलं (एनटी-प्रोबीएनपी हा त्याचाच जोडीदार तुकडा), ते मुख्यतः हृदयातून येतं हे नंतर कळलं. लिमिटही मोठ्यांच्याच रक्तावरून ठरल्या.

मुलांसाठी खरी अडचण सँपलची. नॉर्मल रेंज काढायला प्रत्येक गटात निदान १२० निरोगी माणसं हवीत असा लॅबमधला संकेत आहे, मुलांचे वयाप्रमाणे गट पाडले की एकूण लागणाऱ्या मुलांचा आकडा कुठल्या कुठे जातो, आणि निरोगी तान्ह्या बाळाला नुसत्या रिसर्चसाठी सुई टोचायची हे मनाला पटतही नाही. म्हणून २००९ मध्ये चार वेगवेगळ्या अभ्यासांतली ६९० मुलं एकत्र केली गेली, तो पेपर मला फार मोलाचा वाटतो. त्यात ९५ टक्के मुलं ज्याच्या खाली येतात तो एनटी-प्रोबीएनपीचा आकडा पहिल्या दोन दिवसांत जवळपास १२,०००, एक महिना ते एक वर्षात ६४६, आणि १४ ते १८ वयात १५८ निघाला.

एवढी घसरण का, तर जन्मताच नाळेचा आधार तुटतो, फुफ्फुसं उघडतात, हृदयावरचा भार एकदम बदलतो, आणि हा पदार्थ बाहेर टाकणाऱ्या किडन्याही अजून कच्च्याच असतात.

ट्रोपोनिनचंही तसंच, नवजात बाळात मोठ्यांच्या लिमिटच्या वर असणं नेहमीचंच, पुढे ते उतरतं. वयात आल्यावर मुलगा-मुलगी हा फरकही पडतो.

आता तर गट पाडण्याऐवजी वयाप्रमाणे सलग कर्व्ह काढतात, कारण दहा दिवसांचं बाळ अकराव्या दिवशी काही एकदम बदलत नाही. पण ट्रोपोनिन आय या ट्रोपोनिनच्या एका प्रकाराचे वेगवेगळ्या कंपन्यांच्या मशीनवरचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, त्यामुळे मुलांची रेंज प्रत्येक मशीनसाठी वेगळी काढावी लागते.